आधीच्या मालकाची राखण

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. सगळंच डोक्यात ठेवलं तर निवृत्त होऊन उपयोग काय? पण रत्नागिरीला शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी असताना हाताळलेलं जुन्या गाडीचं प्रकरण मनातून जात नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, कुणाच्या अंगावर साधा ओरखडाही उठला नव्हता. तरी रस्त्याच्या कडेला बंद गाडीत एकटी बाई बसलेली दिसली, की अजून मी थांबून चौकशी करतो.

सकाळची हजेरी झाली होती. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंदी घेत बसले होते. मांडवीची एक तिशीतली बाई त्यांच्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्यावर कुणीतरी नजर ठेवतंय."

"कोण?" अंमलदारांनी मान वर न करता विचारलं.

"ते माहीत असतं तर इथं कशाला आले असते?"

हे उत्तर मला आत ऐकू आलं आणि मी तिला केबिनमध्ये बोलावलं. घर मासळीच्या धंद्यातलं. नवरा मालवाहू जहाजावर खलाशी, वर्षातले बरेच महिने समुद्रात. घरात ती आणि सासू. चार-सहा महिन्यांपूर्वी तिने एजंटामार्फत जुनी चारचाकी घेतली होती. सकाळी बंदरावर मासळी उचलायची, बर्फाच्या पेट्या मागे टाकायच्या आणि संगमेश्वरच्या खाणावळींना पोचवायच्या, असा तिने नवाच धंदा बसवला होता. चांगला चाललाही होता.

मग फोन सुरू झाले. एका पुरुषाचा आवाज, हळू, अदबीने बोलणारा. "वहिनी, आज संगमेश्वरात जास्त वेळ थांबलात." एवढं बोलून फोन बंद. दुसऱ्या वेळी, "आज माहेरी गेला नाहीत का?" मग एके दिवशी निवळीच्या घाटात गाडी चालता चालता बंद पडली. आजूबाजूला कुणी नाही, एका बाजूला दरी. आणि फोन वाजला. "घाबरू नका, वहिनी. होईल सुरू." थोड्या वेळाने गाडी खरोखरच सुरू झाली. मेकॅनिकने बॉनेट उघडून इंजिन तपासलं, त्याला काही सापडलं नाही.

"शिवीगाळ करतो? घाणेरडं बोलतो?" मी विचारलं.

"नाही हो. चांगलंच बोलतो. त्याचीच जास्त भीती वाटते, साहेब."

हे सगळं तिने मला ओळीने सांगितलं नव्हतं. घाटातून फोनवर, फोनवरून सासूच्या आजारपणावर, तिथून पुन्हा घाटात. खोटी तक्रार घेऊन येणारा माणूस घटना क्रमाने सांगतो, कारण त्याने ती घरी पाठ केलेली असते. खरोखर घाबरलेल्याला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. मी तिथेच ठरवलं की ही बाई खरं बोलते आहे. ठाण्यातल्या बाकीच्यांनी मात्र तसं काही ठरवलं नव्हतं.

जाताना ती दारात थांबली. "आमचे मालक जहाजावरून सांगतायत, गाडी विकून टाक आणि घरी बस. गल्लीत बायका विचारतात, तू कुठं जातेस ते त्यालाच कसं कळतं? गाडी गेली तर माझा धंदा गेला, साहेब. आणि गाडी विकून घरी बसले तर लोक म्हणतील, काहीतरी होतं म्हणूनच बसली."

तिचं काय पणाला लागलं आहे हे मला तेव्हा नीट कळलं.

आम्ही नेहमीच्या मार्गाने गेलो. अर्ज घेतला, नोंद केली, फोनचा तपशील मागवला. फोन इंटरनेटवरून येत होते, त्यामुळे क्रमांक दिसायचा तो भलताच. सायबर सेलने पत्रव्यवहार सुरू केला आणि वेळ लागेल असं कळवलं. मी एका शिपायाला साध्या वेशात मोटारसायकलवरून तिच्या मागे लावलं. तो आठवडाभर संगमेश्वरच्या फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "साहेब, तिच्या मागे कुणीच नाही. मीच तेवढा होतो." सगळे हसले. त्याच आठवड्यात तिला फोन आलाच होता. तिने कुठे पेट्रोल भरलं, तेही त्या माणसाने सांगितलं होतं.

माझा शिपाई पेट्रोल पंपावर तिच्यापासून वीस पावलांवर उभा होता. त्याने शपथेवर सांगितलं की तिथे दुसरं कुणी नव्हतं. हे ऐकल्यावर माझं हसू गेलं. समोर गुन्हेगार असला की पोलिसाला भीती वाटत नाही, निदान तशी सवय तरी होते. पण इथे समोर कुणीच नव्हतं, आणि तरी कुणीतरी बघत होतं.

नवऱ्याचाही जहाजावरून फोन आला. आवाज तुटत होता. "साहेब, तुम्ही तिचीही चौकशी करा," असं तो म्हणाला. मी त्याला नीट झापलं, पण तो संशय आता घरात शिरला आहे हे समजलं.

आणि मग खबर आली. ठाण्याच्या फोनवर एका अनोळखी माणसाने सांगितलं, "मांडवीची ती मासळीवाली, गाडी घेऊन फिरते ती. काल दुपारी आरे-वारेला रस्त्याकडेला बराच वेळ एकटीच थांबली होती. कुणाला भेटते तेवढं विचारा." अंमलदारांनी ते लिहून घेतलं आणि कागद माझ्यासमोर ठेवला. 'बघा, मी सांगत नव्हतो?' हे ते तोंडाने बोलले नाहीत, भुवयांनी बोलले.

मी तिला बोलावलं. गाडी घेऊन ये, सासूबाईंनाही आण, असा निरोप दिला. दोघी माझ्यासमोर बसल्या. आरे-वारेचं नाव काढताच सुनेचा चेहरा पांढरा पडला.

"थांबले होते," ती म्हणाली. "माहेरी चालले होते. पण..."

"अवो, मी हुते ना गाडीत," सासू मध्येच म्हणाली. सत्तरीची, वाळलेली, पण आवाज बंदरावरच्या लिलावातला. "त्या वळणांनी माजा जीव घाबरला. वांती झाली. तिनं गाडी कडंला घेतलीन, मला वारा घालत बसली. त्यात काय चोरी केलीन तिनं?"

"आजी, तुम्ही गाडीतून उतरला होतात?"

"उतरून दगडावर बसली हुती. बराच वेळ."

मी कागद पुन्हा वाचला. 'एकटीच थांबली होती.' खबर देणाऱ्याला ठिकाण माहीत होतं, वेळ माहीत होती, किती थांबली तेही माहीत होतं. पण रस्त्याच्या कडेला दगडावर बसून ओकणारी म्हातारी त्याला दिसली नव्हती. डोळ्यांनी बघणाऱ्या माणसाला ती दिसली असती. म्हणजे हा माणूस बाईला बघतच नव्हता. त्याला फक्त गाडी दिसत होती.

मी उठलो, किल्ली मागितली आणि आवारात उभ्या असलेल्या गाडीकडे गेलो. दोघी मागून आल्या. मी दार उघडलं आणि बॅटरी घेऊन ड्रायव्हरच्या सीटपाशी वाकलो. आत मासळीचा आणि बर्फाच्या पाण्याचा वास होता. डॅशबोर्डच्या खाली, पायांच्या वर, वायरींच्या गुंत्यात एक लहानशी काळी डबी चिकटवलेली होती. तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. आणि तिला हळदकुंकू लावलेलं होतं. वर एक सुकलेलं जास्वंदीचं फूलही खोचलेलं होतं.

"सायब, हात नका लावू," सासू मागून म्हणाली. "ती आधीच्या मालकाची राखण हाय."

मी घाटावरचा माणूस. मला काही कळेना. सुनेने समजावलं. त्यांच्या घरात जुनी होडी विकत घेतली, तर आधीच्या मालकाने नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, जे काही बांधून ठेवलेलं असेल, पुडी म्हणा, नारळ म्हणा, दोरा म्हणा, ते काढायचं नाही. त्या राखणेने होडी आजवर सांभाळलेली असते. नव्या मालकाने आपलं कुंकू लावायचं आणि तिला आपली माणसं दाखवायची. गाडी पहिल्यांदा धुताना सासूला ही डबी दिसली. काळ्या पट्टीत गुंडाळलेली, लपवून ठेवलेली. एजंटाने सांगितलं होतं, गाडी एकाच मालकाने वापरलेली आहे, डॉक्टरांची आहे. सासूला त्यात काही वावगं वाटलं नाही. डॉक्टर झाला तरी देव मानतोच, असा तिचा हिशोब.

"जागृत हाय ती," सासू कुजबुजली. "डोळा उघडते नि मिटते. बगा तुमी."

मी बॅटरी विझवली. पट्टीच्या फटीतून एक लाल ठिपका लुकलुकत होता.

ते कसलं तरी यंत्र होतं. असल्या काही यंत्रांना ऐकूही येतं, हे मला ठाऊक होतं. मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "बरोबर आहे, आजी. देवाधर्माचं आहे, असू दे." दार लावलं आणि दोघींना आत नेऊन खिडकीही लावून घेतली.

सायबर सेलच्या पोराने संध्याकाळपर्यंत खात्री केली. तो जीपीएस ट्रॅकर होता, त्याला ऐकू येत नव्हतं, पण त्याची एक वायर इंजिनापर्यंत गेली होती. ज्याच्या मोबाइलमध्ये त्याचं ॲप, त्याला गाडी कुठे आहे ते घरबसल्या दिसणार आणि मनात येईल तेव्हा ती बंदही करता येणार. अशी यंत्रं भाड्याने देण्याच्या गाड्यांना सर्रास बसवतात.

पण ही तर खासगी पासिंगची गाडी होती. स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीची पाटी काळी आणि आकडे पिवळे असतात. हिची पाटी पांढरी. आम्ही एजंटाला बोलावला. त्याने आधी डॉक्टरांचं पुराण लावलं. कोणते डॉक्टर, दवाखाना कुठे, असं विचारत गेलो तेव्हा म्हणाला, "मालक डॉक्टर नाहीत, साहेब. मालकांचे मेव्हणे डॉक्टर आहेत." शेवटी खरं बाहेर आलं. घाटावरच्या एका शहरातल्या माणसाने बऱ्याच गाड्या घरगुती म्हणून घेतल्या होत्या आणि परवाना न काढता वर्षानुवर्षं भाड्याने फिरवल्या होत्या. थकल्या की धुवून-पुसून लांबच्या गावी विकायच्या.

"भाड्याची म्हटलं की कोण घेणार, साहेब?" एजंट म्हणाला. "आणि मला कुणी विचारलंही नाही."

मालकाचा फोन बंद होता. ट्रॅकरचं ॲप कुणाकडे, हे एजंटाला माहीत नव्हतं. कंपनीकडून माहिती यायला दिवस लागणार होते. आणि त्याच दिवशी तिला फोन आला, "वहिनी, पुढच्या वेळी गाडी बंद पडली की मी स्वतः मदतीला येईन."

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी एकटी आहे असं समजून गाडीत बसत होते, तेव्हा तो रोज माझ्याबरोबर होता."

"होता."

"काढून टाका ते. आत्ताच्या आत्ता."

"काढतो. पण काढलं की त्याला कळेल. मग तो कोण होता हे तुम्हाला कधीच कळणार नाही, ताई. आणि त्याला तुमचा नंबर माहीत आहे, बहुतेक घरही माहीत असेल."

तिने पदराने तोंड पुसलं. "मी चालवीन," ती म्हणाली. "पण मला एकटीला सोडू नका."

तिने रोज दुपारी माहेरच्या, आरे-वारेच्या निर्जन रस्त्याने गाडी न्यायची असं ठरलं. तिथली हद्द ग्रामीण ठाण्याची, त्यांना कळवलं. आमच्या एक महिला हवालदार मागच्या सीटखाली, बर्फाच्या पेट्यांच्या आड अंग चोरून बसल्या. त्या माणसाला गाडीतली माणसं दिसत नाहीत, एवढीच आमची जमेची बाजू होती. मी आणि दोन शिपाई पुढे शहाळेवाल्याच्या टपरीवर, खासगी गाडीत. तिचा फोन सतत माझ्या फोनला जोडलेला.

पहिले काही दिवस काहीच घडलं नाही. ती जायची, यायची. फोनवर मला तिचा श्वास ऐकू यायचा, आणि मागून समुद्र. हवालदार बाई कुजबुजत तिच्याशी घरातल्या गोष्टी बोलत राहायच्या. माझा अंदाज चुकला तर, हा विचार मी मनात पुरा होऊ देत नव्हतो.

मग एका भर दुपारी, आरे-वारेच्या चढावर, इंजिनाचा आवाज थांबला.

"साहेब," तिचा आवाज आला. "बंद पडली."

"बसून राहा. काच वर घ्या."

फक्त वारा ऐकू येत होता. मी पळत निघालो नाही, कारण आम्ही दिसलो असतो तर तो सरळ पुढे निघून गेला असता. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यांत कठीण वाट बघणं होतं. मग मोटारसायकलचा आवाज आला. ती थांबली. पावलं. काचेवर बोटाने टकटक.

"वहिनी, गाडी बंद पडली का?"

आणि तिचा आवाज, इतका हलका की मला जेमतेम कळला. "तुम्ही?"

आम्ही गाडी भरधाव काढली. पोचलो तेव्हा त्याने दार बाहेरून उघडलं होतं. दार तिने आतून लावलेलं होतं, पण त्याच्याकडे किल्ली होती. हवालदार बाईंनी पेट्यांवरून झेप घेऊन त्याचा हात मनगटापाशी धरला होता आणि सोडत नव्हत्या. तो पळण्याचा प्रयत्नही करत नव्हता. नवल करत त्यांच्याकडे बघत होता. गाडीत दुसरं कुणी असेल हे त्याच्या हिशोबातच नव्हतं.

ती त्याला ओळखत होती. गाडी विकत घेतली तेव्हा घाटावरून मांडवीत आणून देणारा माणूस तोच. होडी घरी आणून देणाऱ्याला जेवू घालतात, ओवाळतात, हातात नारळ देतात. त्या रिवाजाने दोघींनी त्याला सुरमईचं जेवण वाढलं होतं. पुरुष माणूस जहाजावर आहे, घरात दोघीच असतो, हे जेवता जेवता बोलण्यात आलं होतं.

चौकशीत मी आवाज चढवला नाही. काही माणसं ओरडलं की मिटतात, आणि नुसतं गाडीबद्दल विचारलं की उलगडतात. हा तसलाच होता. मालकाच्या गाड्या सांभाळणं हे त्याचं काम; तिच्यासाठी तो काही दिवसांपासून रत्नागिरीत येऊन राहिला होता. भाड्याची गाडी वेळेत परत आली नाही, की तो खोलीत बसून ती बंद करायचा. "लोक फोनवर रडायचे, साहेब. हायवेवर, बायकापोरं घेऊन. मी म्हणेन तेव्हाच सुरू व्हायची." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. गाड्या विकल्या गेल्या, पण त्याच्या मोबाइलमधून त्या गेल्या नाहीत. तिची एकटीचीच नव्हती. निरनिराळ्या गावांत आणखी काही गाड्या त्या नकाशावर फिरत होत्या, आणि चालवणाऱ्यांना काही पत्ता नव्हता. आम्ही त्या त्या ठाण्यांना कळवलं.

"ठाण्यात फोन का केलास?"

"तुम्हीही तिच्यावर संशय घेतला असता तर ती आणखी एकटी पडली असती," तो म्हणाला. मग लगेच, "मी कुणाला हात लावलेला नाही, साहेब. मी नुसता बघत होतो."

किती किल्ल्या केल्या, असं मी शेवटी विचारलं. त्याने खांदे उडवले. "माझी एक. बाकी गाडी भाड्याने जायची. किती जणांच्या हातात गेली कोण मोजणार? कुणी दुसरी किल्ली करून घेतली असेल, कुणी आणखी काही लावलं असेल. मला काय माहीत?"

गुन्हा नोंद झाला, एजंट आणि मालकही त्यात आले. नवऱ्याला मी स्वतः जहाजावर फोन लावून सगळं सांगितलं. तो फोनवरच रडला. सासूबाईंना सुनेने सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या ठाण्यात आल्या आणि माझ्यासमोर बसून राहिल्या. "मी त्याला रोज हात जोडी," त्या म्हणाल्या. "माज्या सुनेवर नजर ठेव बाबा, असा सांगी." मी चहा मागवला, त्यांनी तो घेतला नाही.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. सोयरीक जुळवताना आपण चार गावं पालथी घालतो, आणि जिच्यात घरची माणसं बसवायची त्या गाडीचे टायर आणि रंग बघून पैसे मोजतो. ती कुणाकुणाच्या हातातून आली, हे विचारत नाही. आता ओळखीतलं कुणी जुनी गाडी घेणार असलं, की मी आधी ती मेकॅनिककडून डॅशबोर्डपर्यंत उघडून घ्यायला लावतो आणि कुलपं बदलायला लावतो. लोक हसतात, हसू देत. दुसरी गोष्ट मी पुढे प्रत्येक नव्या अंमलदाराला सांगितली. घाबरलेला माणूस पुरावा घेऊन येत नाही. पुरावा शोधणं आपलं काम आहे, त्याचं नाही.

गाडी मुद्देमालात होती. कोर्टाच्या आदेशाने ती सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितली की हजर करायच्या हमीवर, तिला परत द्यायची ठरली. तिने ती विकली नाही, याचा मला फार आनंद झाला. आम्ही ती मेकॅनिककडून शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडून घेतली होती. कुलपं नवी बसवली होती. तिने सही केली, सासूला बाजूला बसवलं, पट्टा लावला. पण किल्ली फिरवेना. काच खाली केली.

"साहेब, आता कुणी बघत नाही ना?"

कोर्टात साक्ष देताना मी कितीदा तरी 'मला माहीत नाही' म्हणालो होतो आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नव्हता. तेच उत्तर माझ्या तोंडात आलं. पण म्हातारीही माझ्याकडे बघत होती, आणि सुनेचा हात किल्लीवर होता.

"नाही," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. जा तुम्ही."

तिने गाडी सुरू केली आणि फाटकातून बाहेर काढली. मी फाटकापर्यंत गेलो आणि वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत बघत उभा राहिलो. ती खात्री मला तेव्हा नव्हती. आजही नाही.